चिकोडी ते आंबोली, एसटीनं

आपल्या चिकोडी-निपाणीकडच्या कुठल्याही तरुण मुलाला किंवा मुलीला विचारा, पैशाची काळजी नसती तर फिरायला कुठं गेला असतास? बरेच जण स्वित्झर्लंड म्हणतील. मॅटरहॉर्नचं ते टोकदार शिखर, लाकडी घरं, खिडक्यांतली फुलं, हिरव्या कुरणात चरणाऱ्या गाई हे सगळं मोबाइलवर इतक्यांदा पाहिलेलं असतं, की आपण तिथं जाऊन आलोय असंच वाटायला लागतं. मग व्हिसा आणि विमानाचा हिशेब मांडला की विषय मनालीवर येतो. मनालीचा हिशेब मांडला की तो पुढच्या वर्षावर जातो. हा लेख पुढच्या वर्षावर गेलेल्या सगळ्यांसाठी आहे.

ढग, कडे, धबधबे आणि धुक्यात बुडालेलं गाव आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. त्याचं नाव आंबोली. बहुतेकांनी ती पाहिलेली असते, पण गाडीच्या काचेतून, गोव्याला जाता जाता. गेल्या जुलैत आम्ही तिघं तिथं दोन रात्री राहून आलो. मी, बी.एस्सी.ला असलेली माझी चुलत बहीण आणि आमची आत्या. गाडी न्यायची नाही, सगळा प्रवास लाल गाडीनं करायचा आणि माणशी दोन हजारांच्या आत परत यायचं, असं ठरलं होतं. आत्या साठीच्या पुढची आहे. ती येणार म्हटल्यावर बहिणीला जरा धाकधूक होती. पण आत्यानं आषाढी वारी पायी केलेली आहे. पाठीवर ओझं घेऊन, मिळेल ते खाऊन, पडेल तिथं झोपून प्रवास कसा करायचा, हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

उंची तीच, पाऊस वेगळा

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. गंमत अशी, की आपली चिकोडीही साडेसहाशे मीटरच्या पुढंच आहे. म्हणजे थंड हवेचं ठिकाण म्हणून आपण जिथं जातो ते गाव आपल्यापेक्षा फार उंच नाही. फरक आहे तो जागेचा. आंबोली सह्याद्रीच्या अगदी कडेवर बसली आहे. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे कोकण ओलांडून थेट या कड्याला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि असलेलं सगळं पाणी तिथंच ओततात. आंबोलीत वर्षाला सरासरी साडेसातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर असलेल्या चिकोडीपर्यंत येईतो ढग रिकामे झालेले असतात. आपल्या वाट्याला फार तर त्याचा दहावा हिस्सा येतो. महाराष्ट्रातल्या सगळ्यात ओल्या गावांपैकी एक आणि आपली ज्वारी-तंबाखूची रानं एकाच वाऱ्यावर जगतात, हे शाळेच्या भूगोलात वाचलं होतं. बसमधून जाताना ते डोळ्यांनी दिसतं. संकेश्वरला ऊन होतं, आजऱ्याला भुरभुर आणि आंबोलीत उतरलो तेव्हा समोरचं दुकानही दिसत नव्हतं.

हे गाव हिल स्टेशन झालं ते बेळगावमुळं. इंग्रजांच्या काळात बेळगावला लष्कराची छावणी होती आणि तिचं जवळचं बंदर होतं वेंगुर्लं. या दोन्हींना जोडणारा रस्ता पारपोलीच्या घाटातून वर चढतो आणि आंबोलीत सपाटीला लागतो. घाट चढून दमलेल्या माणसांनी आणि बैलांनी विसावा घ्यायची ती जागा. सावंतवाडी संस्थानात नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना तिथली हवा मानवली आणि बंगले उभे राहिले. म्हणजे आंबोली मुळात मुक्कामाचं गाव. अर्ध्या दिवसात धबधब्याखाली भिजून परत फिरायची रीत अलीकडची.

तिकिटाचा हिशेब

चिकोडीहून संकेश्वर, तिथून गडहिंग्लज, मग आजरा आणि आंबोली असा आमचा रस्ता. निपाणीकरांना उत्तूरवरून आजऱ्याला जाणं सोपं. बेळगावकरांना तर वेंगुर्ल्याचा जुना रस्ताच आहे.

आपण सीमेवर राहतो याचा इथं एक फायदा होतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू आहे. राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये राज्याच्या आत तिकीट पडत नाही. महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. त्यामुळं चिकोडी ते संकेश्वर आत्यानं आणि बहिणीनं आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेतलं, आणि माझ्याकडं बघून दोघी हसल्या. सीमा ओलांडणाऱ्या छोट्या टप्प्याचं तिकीट सगळ्यांनी काढलं. गडहिंग्लजहून पुढं त्यांना अर्धं आणि मला पूर्ण. तिघांचा जाऊन-येऊन बसखर्च सातशेच्या आत बसला. वाटेत वाहक बदलला, तिकिटावरची लिपी बदलली. भाषा तीच राहिली. गडहिंग्लजच्या स्टँडवर आत्यानं शेजारच्या बाईशी जे बोलणं सुरू केलं, ते आजऱ्यापर्यंत संपलं नाही.

गाडीतून जाताना हे घडत नाही. गाडीत आपण आपल्याच माणसांशी बोलतो, तेही जीपीएस बोलत नसेल तेव्हा. एसटीत त्या बाईनंच सांगितलं, आंबोलीत हॉटेल शोधत बसू नका, स्टँडच्या मागल्या बाजूला घरांतून खोल्या देतात.

रविवारी दुपारी पोचा

कमी पैशात आंबोलीला राहायचं असेल तर माझा पहिला सल्ला हा: शनिवारी जाऊ नका. रविवारी दुपारी पोचा आणि मंगळवारी निघा. शनिवार-रविवारी खोलीचे भाव वाढलेले असतात. रविवारी संध्याकाळी सगळ्या गाड्या घाट उतरतात किंवा कोल्हापूर-बेळगावकडं परत फिरतात, खोल्या रिकाम्या होतात आणि भाव खाली येतो. आम्हाला एका घरातली स्वच्छ खोली रात्रीला हजार रुपयांत मिळाली, तिघांना.

घरमालकीण काकूंनी दारातच विचारलं, "खंयसून इलास?"

"चिकोडीस्नं," आत्या म्हणाली. "पावसाला आलोय बघा. आमच्याकडं नाही पडत."

"हंय मरणाचो पडता. न्या थोडो," काकू म्हणाल्या, आणि दोघींचं जमलं.

आत्यानं पिशवीतून घरचा गूळ काढून त्यांच्या हातावर ठेवला. दोन दिवस त्या स्वयंपाकघरात आमचं जेवण त्यांच्याबरोबरच झालं: भात, कुळथाची पिठी, उसळ, सकाळी घावणे. जेवणाचे पैसे आम्ही अर्थातच दिले, पण आत्या पाटावर बसून खोबरं खवत असल्यामुळं कुणालाही ते हॉटेल वाटलं नाही. पहिल्या दिवशीच्या दुपारसाठी आम्ही घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. कडक भाकरी हा आपल्या मुलखातला प्रवासाचा सगळ्यात शहाणा पदार्थ आहे. चार दिवस टिकते, चुरली तरी बिघडत नाही. फक्त आंबोलीच्या दमट हवेत डबा घट्ट लावून ठेवा.

सामानाचं थोडक्यात सांगतो. पाठीवर एकच पिशवी, आतलं सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं. जीन्स नेऊ नका, ती तीन दिवस वाळत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण कड्यावर वारा छत्री उलटी करतो. पकड असलेल्या सँडल, बॅटरी, पातळ टॉवेल, पाण्याची बाटली आणि थोडी रोख रक्कम, कारण पावसात रेंज जाते आणि रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. पोचल्या पोचल्या स्टँडवर परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून घ्या आणि शेवटच्या गाडीवर विसंबू नका.

पायी पाहिलेली आंबोली

मुख्य धबधबा गावापासून घाटात तीनेक किलोमीटर खाली आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही चालत तिथं गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, गाड्यांत मोठ्यानं लावलेली गाणी, धबधब्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. पाण्याच्या आवाजापेक्षा हॉर्नचा आवाज जास्त. गटारातून वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या वाहत खाली चालल्या होत्या. मंगळवारी सकाळी परत गेलो तेव्हा त्याच पायऱ्यांवर आम्ही तिघं, एक माकड आणि मक्याची कणसं भाजणारी एक आजी. धबधबा तोच होता. फक्त आता तो ऐकू येत होता.

सोमवारी रिक्षा करून कावळेसादला गेलो. तिथं दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो, की कड्यावरून खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं आणि बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. बहीण ओरडत होती, आत्या हात जोडून उभी होती. कठड्याच्या आतून हे सगळं पोटभर दिसतं. कठडा ओलांडून दारूच्या नशेत किंवा फोटोसाठी पुढं गेलेल्यांनी इथं जीव गमावले आहेत. मुलांनो, त्या कड्याला दुसरी संधी नाही.

तिथून परत येऊन दुपारी चालत गेलो ते हिरण्यकेशीला. गावापासून चार-पाच किलोमीटर, शेवटचा टप्पा झाडीतून. डोंगराच्या पोटात एक गुहा, गुहेतून येणारं थंड पाणी, पुढं कुंड आणि शिव-पार्वतीचं देऊळ. हिरण्यकेशी नदीचा उगम तो हाच. आत्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "ही आपलीच की रे. संकेश्वरची."

खरंच आपली. हीच नदी पुढं आजरा आणि गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते. तिथल्या साखर कारखान्याचं नावही हिरण्यकेशीच. पुढं हुक्केरीकडं जाऊन ती घटप्रभेला मिळते आणि घटप्रभेचं पाणी कृष्णेला. नदी सीमा ओलांडून कर्नाटकात येते, तिला कुणी तिकीट विचारत नाही.

त्या लहानशा कुंडात एक मासा राहतो. २०२० मध्ये संशोधकांनी तो नवी प्रजाती म्हणून जगासमोर मांडला आणि नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. बोटभर लांबीचा, पट्ट्यापट्ट्यांचा, तळाच्या दगडांत लपणारा. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं देऊळ आणि कुंडासह इथली २.११ हेक्टर जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. मोजून पाहिलं तर सव्वापाच एकर. आपल्याकडं एखाद्या शेतकऱ्याचं उसाचं रान असतं, तेवढी. तिथं साबण लावून आंघोळ करणं किंवा पूजेची प्लॅस्टिक पिशवी सोडून येणं किती महागात पडू शकतं, हे समजायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

रात्री काकूंच्या शेजारचा एक मुलगा आम्हाला बॅटरी घेऊन बेडूक दाखवायला घेऊन गेला. आत्या आली नाही, "बेडूक बघायला पैसे?" म्हणाली. पण बहिणीला शिकत असलेल्या विषयातली प्रत्येक ओळ तिथं जिवंत दिसली. मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो, त्यात अंडी घालतो आणि पिल्लं खालच्या डबक्यात टपकतात. आंबोलीच्या नावानं ओळखला जाणारा, वाघासारखे पिवळे पट्टे-ठिपके असलेला एक भेकही इथं आहे. २००९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर साचणाऱ्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते. जगातून नाहीशा होण्याचा सर्वाधिक धोका असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. हे सगळे जीव रात्री रस्त्यावर येतात. तो मुलगा म्हणाला, शनिवारी रात्री गाड्या गेल्या की सकाळी रस्त्यावर बघवत नाही. आम्ही चालत होतो, म्हणून आम्हाला रस्त्यावरचा प्रत्येक बेडूक दिसत होता. आणि बेडकालाही आमच्यातून निसटायला वेळ मिळत होता.

गरिबांची सहल?

परत आल्यावर एका मित्रानं विचारलं, एसटीनं गेलात, घरात राहिलात, म्हणजे गरिबांची सहल केलीत की. त्याला मी एक गोष्ट सांगितली, ती इथंही सांगतो. १९०९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतले रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसानं गाठलं आणि सगळ्यांना एका गावातल्या शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. त्या रात्री त्यांच्या मनात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर प्रत्येक गावात फिरणाऱ्या मुलांना स्वस्तात झोपायला अशी जागा का असू नये? १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं. आज जगभरातली मुलं पाठीवर पिशवी टाकून आल्प्समध्ये ज्या वसतिगृहांत उतरतात, त्यांचा उगम तो. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ह्यात नवीन काय? वारीत आम्ही शाळेतच झोपतो की." तिचंही खरं आहे. धर्मशाळा, देवळाची ओसरी, गावच्या शाळेचा वऱ्हांडा ही आपली वसतिगृहं फार जुनी आहेत.

आणि ज्या स्वित्झर्लंडची स्वप्नं आपण बघतो, तिथल्या मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झरमॅट गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेशच नाही. कितीही श्रीमंत असा, गाडी पाच किलोमीटर अलीकडं टेश गावात लावायची आणि आगगाडीनं वर जायचं. त्या सुंदर फोटोंत रस्त्यावर गाड्या का दिसत नाहीत, याचं उत्तर त्यात आहे. आंबोलीला असा नियम नाही. आपण एसटीनं गेलो तर तेवढ्यापुरता तो आपण पाळल्यासारखा होतो.

जमाखर्च

तिघांचा सगळा खर्च असा: बस सातशे, दोन रात्रींची खोली दोन हजार, जेवणखाण एकोणीसशे, कावळेसादची रिक्षा पाचशे, चहा, कणसं आणि बेडूक दाखवणाऱ्या मुलाचे मिळून तीनशे. एकूण पाच हजार चारशे. माणशी अठराशे. दर बदलत राहतात, त्यामुळं तुमचा आकडा थोडा इकडंतिकडं होईल.

पण मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. बसभाडं सोडलं तर यातला जवळपास प्रत्येक रुपया आंबोलीतल्याच कुणाच्या तरी हातात गेला: काकूंच्या, रिक्षावाल्याच्या, कणसं भाजणाऱ्या आजींच्या, त्या मुलाच्या. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी गाडी घरूनच पाणी, खाणं, पिणं भरून आणते आणि गावात फक्त रिकामी पाकिटं सोडून जाते. गावाला त्या गाडीचा त्रास होतो, मिळकत होत नाही. गावातल्या चार घरांना बेडूक जिवंत ठेवण्यात मिळकत दिसली, तर बेडूक राहतील. ती मिळकत मुक्काम करणाऱ्या, पायी फिरणाऱ्या माणसाकडून येते, आणि त्यासाठी त्याच्या खिशात फार पैसे असावे लागत नाहीत.

मंगळवारी परतताना आजऱ्याला उतरलो. आत्याला घनसाळ तांदूळ घ्यायचा होता, आणि गावाजवळच हिरण्यकेशीकाठचं रामतीर्थ आहे. सोमवारी ज्या पाण्यात पाय बुडवले होते, ते इथं खडकांवरून गर्जत होतं. पुढं संकेश्वरकडं येईतो तीच नदी रुंद आणि तांबडी झालेली, उसाच्या फडांमधून संथ निघालेली. काठच्या झुडपांत पाकिटं आणि बाटल्या अडकलेल्या. त्यातली आंबोलीहून किती आली आणि आपल्याच गावांतून किती, हे कुणाला सांगता येणार?

बहिणीनं आता तिच्या वर्गातल्या आठ जणींना तयार केलं आहे. पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, त्या उगमापासून संकेश्वरपर्यंत नदीकाठच्या गावांत एकेक मुक्काम करत येणार आहेत. संकेश्वरपासून घरापर्यंत तिकीट शून्य. आत्यानं कडक भाकरीची जबाबदारी घेतली आहे. कुणाला सोबत जायचं असेल, तर रविवारी दुपारची गाडी धरा.